खैरियत नेक मतलूब : समुद्रापारच्या खतांची हकीकत

उर्दू खताला एक ठरलेले दार असते. आधी सलाम, मग 'वाजेह हो कि यहाँ सब खैरियत है', आणि त्यापाठोपाठ 'आपकी खैरियत खुदावंद-ए-करीम से नेक मतलूब है'. या दारातून आत गेल्याशिवाय लिहिणाऱ्याला बोलता येत नाही आणि वाचणाऱ्यालाही ऐकता येत नाही. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. पत्रलेखनाच्या तासाला हे वाक्य फळ्यावर लिहिले की मुले हसतात, कारण त्यांच्या घरी आता कोणी खत लिहीत नाही. पण एके काळी या एका वाक्यासाठी गावेच्या गावे टपालवाल्याची वाट पाहत असत. 1914 ते 1918 या चार वर्षांत तर फ्रान्स, मेसोपोटेमिया, इजिप्त आणि पूर्व आफ्रिकेच्या मोर्चांवरून हिंदुस्थानच्या खेड्यापाड्यांत येणाऱ्या लाखो पत्रांचे हेच दार होते. त्या खतांविषयी आणि ती लिहिणाऱ्या, किंवा खरे सांगायचे तर लिहवून घेणाऱ्या माणसांविषयी आम्हाला इथे चार गोष्टी सांगायच्या आहेत.

त्यातही आमचे लक्ष प्रथम जाते ते राखीव शिपायाकडे. हा माणूस पूर्ण शिपाई नव्हता आणि पूर्ण शेतकरीही उरला नव्हता. इंग्रजांनी हिंदी फौजेत राखीव दलाची पद्धत 1886 साली सुरू केली. काही वर्षे पलटणीत काढायची, मग घरी जाऊन नांगर धरायचा. दरमहा दोन-तीन रुपये भत्ता घ्यायचा, अधूनमधून कवायतीला हजर व्हायचे आणि सरकारने बोलावले की निघायचे. शांततेच्या काळात हा सौदा दोघांनाही परवडणारा होता. सरकारला स्वस्तात माणसे राखून ठेवता येत होती, आणि शेतकऱ्याला सावकाराच्या व्याजापुरता तरी रोख पैसा मिळत होता. दहा-पंधरा वर्षे बोलावणे आलेच नाही, तर त्याच्या खाकी कपड्यांना पेटीत कसर लागे. तो स्वतः जाड होई, दात पडत, मुले होत, जमिनीचे दावे कोर्टात चालू असत. ऑगस्ट 1914 मध्ये अचानक तार आली आणि हा माणूस, ज्याने फ्रान्सचे नावही ऐकले नव्हते, पुन्हा पलटणीच्या दारात उभा राहिला.

लाहोर डिव्हिजनची पहिली जहाजे 26 सप्टेंबर 1914 रोजी मार्सेल्सच्या बंदराला लागली. ऑक्टोबरात मेरठ डिव्हिजन आली. अंगावर हिंदुस्थानातल्या हवेचे सुती खाकी कपडे आणि समोर उत्तर फ्रान्सचा पाऊस, अशी ती सुरुवात. ऑक्टोबर संपता संपता पलटणी इतक्या वेगाने कापल्या गेल्या की मागून भरती पाठवणे भाग पडले. ही भरती बरीचशी राखीव दलातून आली, आणि तिथेच या पद्धतीचे पोकळपण उघडे पडले. येणाऱ्यांपैकी कित्येक जण वयाने उतरलेले, दुखण्याने पोखरलेले, नव्या बंदुकीला हातही न लावलेले होते. काहींना तर मार्सेल्सच्या तळावरच नालायक ठरवून बाजूला काढावे लागले. लष्करी अहवालांत याविषयी बरीच चिडचिड आहे. आम्हाला ते अहवाल वाचताना वाटते, चिडायचा हक्क कोणाला होता? ज्याला महिन्याला दोन रुपयांवर पंधरा वर्षे विसरून ठेवले, त्याने हाक मारताच जवान होऊन यावे, ही अपेक्षा तरी कोणत्या हिशेबाची?

या भरतीतल्या माणसाचे दुसरे दुःख असे की त्याला स्वतःची पलटण मिळेलच याची खात्री नसे. ज्या पलटणीत जागा रिकाम्या त्यात त्याला घातले जाई. हिंदी पलटण म्हणजे काय, हे ज्यांना माहीत आहे त्यांना याचा अर्थ लगेच कळेल. पलटण म्हणजे गाव, बिरादरी, मामा-चुलते. शेजारच्या खंदकातला माणूस आपल्या तालुक्यातला असे. तो जखमी झाला तर त्याच्या घरी काय लिहायचे, हे आपल्याला माहीत असे. आता दहा पलटणींची ठिगळे जोडून एक पलटण उभी राहू लागली, आणि खत लिहून देणारा माणूसही अनोळखी झाला.

कारण शिपायांपैकी फार थोड्यांना लिहिता येत होते. खत म्हणजे एक छोटी बैठकच असे. कंपनीतला एखादा शिकलेला हवालदार किंवा मुन्शी पोस्टकार्ड गुडघ्यावर घेऊन बसे, सांगणारा सांगत जाई, बाजूचे दोघे-तिघे 'माझाही सलाम लिही' म्हणत. तिकडे गावात पोचल्यावरही तेच. टपालवाला, शाळामास्तर किंवा मशिदीचे मौलवीसाहेब ते मोठ्याने वाचून दाखवत आणि आई, बायको, सावकार, शेजारी सगळे एकदमच ऐकत. म्हणजे ज्याला आपण खासगी पत्र म्हणतो तसे ते कधीच नव्हते. बायकोला दोन शब्द प्रेमाचे लिहायचे तर मध्ये एक मुन्शी आणि एक मौलवी. बिचाऱ्याने लिहावे तरी काय! त्यामुळे प्रेम 'म्हशीला चारा वेळेवर घालत जा' अशा वाक्यांतून व्यक्त होई. आमच्या मते त्यात प्रेम काही कमी नसे.

या दोन वाचकांच्या मध्ये तिसरा वाचक सरकारने बसवला. गदर पक्षाचे साहित्य शिपायांच्या हाती लागेल या धास्तीने हिंदी टपालावर नजर ठेवण्याचे ठरले. ई. बी. हॉवेल या हिंदुस्थानातल्या मुलकी अधिकाऱ्याला त्या कामावर नेमले गेले. कचेरी आधी रूआँला आणि नंतर बुलोन बंदरात होती. 1915 च्या मार्चपर्यंत फ्रान्सातले हिंदी सैनिक आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे लिहू लागले होते. हॉवेल आणि त्याची मूठभर माणसे ती सगळी वाचणार कशी? ते त्यातली निवडक उघडत, उतारे इंग्रजीत उतरवत आणि दर आठवड्याला शिपायांच्या मनःस्थितीचा अहवाल वर पाठवत. उतारे अहवालाला जोडलेले असत. लिहिणारा कोण, कोणत्या पलटणीचा, कोणत्या गावी कोणाला लिहितो, भाषा कोणती, तारीख कोणती, अशी नोंद वर असे आणि खाली मजकूर. भाषेच्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द म्हणजे उर्दू. त्याखालोखाल गुरुमुखी, हिंदी आणि इतर.

हे उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. डेव्हिड ओमिसी या अभ्यासकाने त्यांतली शेकडो पत्रे 1999 मध्ये पुस्तकरूपाने छापली, तेव्हापासून जगभरचे इतिहासकार त्यांचा आधार घेतात. पण एक गोष्ट लक्षात घ्या. दप्तरात आहेत ती भाषांतरे. मूळ उर्दू खते पुढे घरोघरी गेली आणि पावसात, वाळवीत, फाळणीच्या पळापळीत बहुतेक सगळी नाहीशी झाली. ज्यांनी ती लिहवली त्यांचे शब्द गेले आणि ज्यांनी पाळत ठेवली त्यांचे शब्द राहिले. भाषांतर करणाऱ्याला सलाम-दुआ, खैरियत, घरातल्या प्रत्येकाच्या नावाने पाठवलेला आदाब हे सगळे फालतू वाटले, म्हणून ते बहुधा गाळले गेले. त्याला मनःस्थिती हवी होती. पण खत उघडताच गावातली म्हातारी जे ऐकायला कान टवकारी ते नेमके हेच होते, मुलाने आपले नाव घेतले की नाही. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला उर्दू खत इंग्रजीतून वाचावे लागावे, यात आम्हाला जी टोचणी लागते ती कोणी समजून घ्यावी अशी अपेक्षा नाही. पण ती आहे.

हॉवेल मात्र बुद्धिमान माणूस असावा. जानेवारी 1915 च्या सुमारास त्याने वर कळवले की शिपायांच्या पत्रांत शायरी वाढू लागली आहे आणि हे मनाच्या अस्वस्थतेचे वाईट लक्षण आहे. आम्ही हे वाचले तेव्हा आधी हसू आले आणि मग ते मावळले. साहेबाला शेर समजला नसेल, पण शेर कधी सुचतो हे त्याला बरोबर समजले होते. जे मुन्शीला सांगता येत नाही, घरच्यांना ऐकवता येत नाही आणि सेन्सॉरच्या नजरेतून सुटणार नाही, ते दोन मिसऱ्यांत घालून पाठवायची सवय आपल्या लोकांच्या हाडात आहे.

आणि शेर जमत नसेल त्याने मिरची वापरली. हिंदुस्थानातून आलेली काळी मिरी जवळपास संपली, आता लाल मिरची वापरात आहे, अशा अर्थाचा मजकूर काही पत्रांत सापडतो. काळी म्हणजे हिंदी शिपाई, लाल म्हणजे गोरे. हॉवेलच्या कचेरीने ते ओळखले, यात नवल नाही. शेंबड्या पोरालाही ओळखता येईल असाच तो संकेत होता. पण पत्रे वाचली जातात हे शिपायाला ठाऊक होते, आणि ठाऊक असूनही त्याने घरच्यांना एकच गोष्ट कळवायची धडपड केली, की धाकट्याला भरती होऊ देऊ नका. बाकी युद्धाचे वर्णन करायला त्याच्याजवळ जे शब्द होते ते त्याने वापरले. हिंदूंनी महाभारत लिहिले, मुसलमानांनी करबला आणि कयामत. धान्य जात्यात पडावे तशी माणसे पडतात, असे लिहिणाराही होता. तो बहुधा शेतकरीच.

करबलाचे नाव निघाले म्हणून तारखांकडे थोडे बारकाईने पाहू. 28 ऑक्टोबर 1914 रोजी न्यूव्ह शापेल गावावर हल्ला झाला. त्यात 47 वी शीख पलटण आणि आपल्या पुण्याजवळच्या खडकीहून गेलेल्या बॉम्बे सॅपर्सच्या 20 व 21 क्रमांकाच्या दोन कंपन्या होत्या. या सॅपर्समध्ये मराठे, शीख आणि मुसलमान एकत्र होते. काम त्यांचे खंदक खणण्याचे, पूल बांधण्याचे. त्या दिवशी त्यांना संगिनी लावून घराघरांतून लढावे लागले. दोन्ही कंपन्यांचे सगळे ब्रिटिश अधिकारी मेले वा जखमी झाले. दुसऱ्याच दिवशी, 29 तारखेला, तुर्की आरमाराने काळ्या समुद्रातल्या रशियन बंदरांवर गोळे टाकले आणि तुर्कस्तान युद्धात उतरले. 31 तारखेला होलबेके इथे 129 व्या बलुची पलटणीचा मशीनगन चालवणारा शिपाई खुदादाद खान, सगळे साथीदार पडल्यावर जखमी अवस्थेत एकटा लढला, मेला असे समजून शत्रू पुढे गेला आणि तो रात्री सरपटत परत आला. हिंदी सैनिकाला मिळालेला पहिला व्हिक्टोरिया क्रॉस तो त्याचा. आणि याच आठवड्यात बकरी ईद होती.

एका आठवड्यात किती गोष्टी या माणसांच्या डोक्यावर येऊन पडल्या! 14 नोव्हेंबरला इस्तंबूलमध्ये जिहादचा फतवा जाहीर झाला. खलिफा एका बाजूला, ज्याचे मीठ खाल्ले तो बादशहा दुसऱ्या बाजूला. यावर मुसलमान शिपायांनी काय केले, याची उत्तरे आजही सोयीप्रमाणे दिली जातात. एक जण म्हणतो, बघा, फतव्याला भीक न घालता हे लढले. दुसरा सिंगापूरकडे बोट दाखवतो. तिथे 15 फेब्रुवारी 1915 ला 5 व्या लाइट इन्फंट्रीच्या मुसलमान शिपायांनी बंड केले आणि 47 जणांना जाहीरपणे गोळ्या घालण्यात आल्या. दोन्ही गोष्टी घडल्या आहेत. एकाच घरातही घडल्या. आफ्रिदी जमातीच्या जमादार मीर मस्तने मार्च 1915 मध्ये साथीदारांसह खंदक ओलांडून जर्मनांची वाट धरली, आणि त्याचा सख्खा भाऊ जमादार मीर दस्त याने पुढच्याच महिन्यात ईप्रच्या लढाईत विषारी वायूत जखमींना वाचवून व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ऑगस्टमध्ये ब्रायटनच्या इस्पितळात खुद्द बादशहाने तो त्याच्या छातीवर लावला, तेव्हा मीर दस्तने संधी साधून एकच मागणे केले, जे जखमी बरे झाले त्यांना पुन्हा मोर्चावर पाठवू नये. हेच गाऱ्हाणे त्या काळातल्या शेकडो पत्रांत आहे. भाड्याने आणलेला बैलही पाय मोडल्यावर कोणी पुन्हा जुंपत नाही, मग माणसाला का?

तेव्हा निष्ठा की बंड, हा प्रश्न आम्हाला कचेरीचा प्रश्न वाटतो. हॉवेलला तो विचारावाच लागे, त्याचा पगार त्याचाच होता. शिपायाच्या खतातले प्रश्न वेगळे आहेत. मनिऑर्डर पोचली का? बहिणीचे लग्न कोणत्या महिन्यात धरले? विहिरीच्या वाट्याचा निकाल काय लागला? घोडी व्यायली का? शिपायाचा पगार 1911 पासून महिना अकरा रुपये होता, त्यातून वाचवून गहाण जमीन सोडवायची होती. तिकडून येणारी पत्रेही सेन्सॉर उघडत असे. त्यांत महागाई आहे, आजार आहेत, मुन्शीकडून लिहवून घेतलेली बायकांची रागावलेली पत्रे आहेत, की इतरांचे नवरे रजेवर आले, तुम्हीच का येत नाही. ती वाचून खंदकातला माणूस काय करी? काहींनी डाव्या हातावर गोळी मारून घेतली. काहींनी घरून भिलावा मागवला, म्हणजे आपला बिब्बा. त्याचा रस अंगाला लावला की कातडी सुजते, फोड येतात. पार्सलातून आलेला बिब्बा सेन्सॉरच्या हाती लागला तेव्हा साहेबलोकांना आधी ते काय आहे तेच कळले नसावे. आमच्याकडच्या कोणत्याही आजीने सांगितले असते.

याच टपालातून 'हे पत्र वाचून इतक्या जणांना नकलून पाठवा, नाहीतर अनर्थ ओढवेल' अशी साखळीपत्रेही फिरत होती. मदिनेच्या शेख अहमदच्या स्वप्नाचा वसीयतनामा आपल्यापैकी कोणी पाहिला नसेल असे नाही. आमच्या शाळेच्या फाटकाशीही त्याच्या प्रती वाटल्या गेल्या आहेत. मरणाच्या दारात असलेल्या माणसाने असल्या कागदाला भ्यावे, याचे आम्हाला नवल वाटत नाही. शाळेच्या फाटकाशी भिणाऱ्यांचे मात्र वाटते.

दीनदारीचे सांगायचे तर सरकारने त्या बाबतीत फार जपून पावले टाकली. जिवंत बकऱ्या मोर्चामागे नेल्या जात, हलाल आणि झटका वेगवेगळे होई. ब्रायटनच्या शाही महालात 1914 च्या डिसेंबरात इस्पितळ उघडले तेव्हा तिथे नऊ स्वयंपाकघरे होती. हिंदू-मुसलमानांचे पाण्याचे नळ वेगळे, पाट्या उर्दू, हिंदी, गुरुमुखीत. घुमट आणि मिनारांचा तो महाल पाहून शिपाई चकित होत आणि घरी लिहीत की जन्नत म्हणावी तर हीच. पण इस्पितळाला तारेचे कुंपण होते, बाहेर जायला परवानगी लागे, आणि त्याबद्दलची चीडही पत्रांत आहे. मुसलमान मय्यतींचे दफन नीट होत नाही असा प्रचार जर्मनांनी चालवला, तेव्हा वोकिंगच्या शाहजहान मशिदीजवळ, हॉर्सेल कॉमनवर, खास कबरस्तान बांधण्यात आले. ही मशीद 1889 ची, भोपाळच्या बेगम शाहजहान यांच्या नावाची. पहिल्या महायुद्धातले 19 जण तिथे दफन झाले. पुढे 1960 नंतरच्या दशकाअखेरीस तिथल्या कबरी ब्रुकवुडच्या लष्करी कबरस्तानात हलवल्या गेल्या आणि मोकळी भिंतबंद जागा पडून राहिली. 2015 मध्ये तिथे बाग करण्यात आली.

1915 चा रमजान जुलैच्या मध्यावर लागला. उत्तर फ्रान्समध्ये त्या दिवसांत सूर्य सोळा तास मावळत नाही. मुसाफिराला आणि मैदानातल्याला सवलत आहे, हे सर्वांना माहीत होते, तरी काहींनी रोजे ठेवले. त्याच रमजानच्या सुरुवातीला तिकडे जर्मनीत, बर्लिनजवळच्या व्यून्सडॉर्फ गावी, मुसलमान युद्धकैद्यांसाठी बांधलेल्या लाकडी मशिदीचे उद्घाटन झाले. जर्मनीच्या भूमीवरची नमाजसाठी बांधलेली ती पहिली मशीद. त्या छावणीचे नावच चंद्रकोर छावणी. तिथे हिंदी कैदीही ठेवले होते, आणि त्यांना फितवण्यासाठी 'हिंदोस्तान' नावाचे वर्तमानपत्र उर्दू-हिंदीत काढले जाई. मशीद काही वर्षांतच मोडकळीला येऊन गेली. पण जर्मन भाषापंडितांनी 1915 ते 1918 या काळात या कैद्यांना भोंग्यासमोर उभे करून त्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले, ते बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठात अजून आहेत. कोणी गोष्ट सांगतो, कोणी गाणे म्हणतो. एक शीख शिपाई स्वतःविषयीच 'एक माणूस होता' अशा थाटात बोलतो, तो हिंदुस्थानात लोणी खात असे, आता त्याला घरी जायचे आहे. तेव्हा मूळ शब्द जिथे शिल्लक राहिले ती जागा शत्रूची छावणी! बादशहाच्या बाजूने लढणाऱ्यांचे खत इंग्रजी होऊन उरले, आणि कैद्यांचा आवाज मात्र त्यांच्याच बोलीत.

फ्रान्समध्ये एकूण सुमारे 1 लाख 38 हजार हिंदी माणसे गेली. 1915 अखेर पायदळ तिथून हलवले, रिसाले 1918 पर्यंत राहिले. रिसाल्यातल्या सवारांना लढाई कमी आणि वेळ जास्त, म्हणून त्यांच्या पत्रांत फ्रान्सचे गाव दिसते. मुक्काम असलेल्या घरच्या म्हाताऱ्या बाईने आपल्याला मुलासारखे वागवले, तिचे तीन मुलगे लढाईत आहेत तरी ती रडत बसत नाही, शेत एकटी पाहते, हिशेब स्वतः लिहिते, वर्तमानपत्र वाचते. आणि मग त्याच खतात घरच्यांना हुकूम, की मुलीला शाळेत घाला. एकाने नव्हे, अनेकांनी लिहिले. सर सय्यदांच्या चळवळीला जे चाळीस वर्षांत खेड्यात पोचवता आले नव्हते ते या अडाणी सवारांनी दीड आण्याच्या कागदावरून सांगितले, असे म्हणण्याचा मोह होतो. ते किती घरांत ऐकले गेले हा निराळा विषय. पंजाबच्या खेड्यांतल्या मुलींच्या शाळा काही त्यामुळे भरून वाहिल्या नाहीत. तरी आम्हा मास्तरलोकांना ही पत्रे फार जवळची वाटतात. बायको लिहायला शिकली तर मधला मुन्शी आणि मधला मौलवी दोघेही जातील, एवढा साधा स्वार्थही त्यात असेल. चांगल्या सुधारणा पुष्कळदा अशाच सुरू होतात.

आतापर्यंतची हकीकत बहुतांशी पंजाब-सरहद्दीची झाली. आपल्याकडचे लोक कुठे होते? मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथे सर्व मिळून साडेपाच लाखांहून अधिक हिंदी माणसे गेली. जनरल टाउनशेंडच्या 6 व्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. या पलटणींत दख्खन आणि कोकणातले मराठे आणि त्यांच्याबरोबर दख्खनी मुसलमान भरती होत. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफोनला मार खाऊन ही फौज कूत-अल-अमाराला मागे आली आणि डिसेंबरात वेढली गेली. 147 दिवसांचा तो वेढा. टपाल बंद. बिनतारी यंत्रावर फक्त सेनापती बोलत होते. शेवटी घोडे कापून खायची पाळी आली, तेव्हा हिंदी शिपाई, हिंदू आणि मुसलमान दोघेही, कित्येक आठवडे ते खायला तयार होईनात. हिंदुस्थानातून धर्ममार्तंडांच्या परवानग्या तारेने मागवाव्या लागल्या. 29 एप्रिल 1916 रोजी कूत पडले आणि सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. हिंदी शिपायांना रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला लावले, त्यातले पुष्कळ परतले नाहीत. ज्या नजफ-करबलाच्या जियारतीची लोक हयातभर आस धरतात, त्या मुलुखात आपली माणसे संगीन घेऊन गेली आणि कैदी होऊन चालली. घरच्यांनी हे कसे समजून घेतले असेल?

बंगालीत शिशिर सर्वाधिकारी यांनी कूतच्या कैदेवर 'अभि ले बगदाद' नावाचे पुस्तक लिहिले, ते 1958 मध्ये निघाले. ते रुग्णवाहक पथकात होते, शिकलेले होते, डायरी ठेवत होते. सातारा-रत्नागिरीच्या शिपायाजवळ डायरी नव्हती. त्याच्याजवळ 'आय. ई. एफ.' अशी अक्षरे छापलेले तिकीट आणि एक कार्ड होते, तेही कोणाकडून तरी लिहवून घेतलेले. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचे 46 जण या युद्धात गेले, तिथे इंग्रजांनी स्मारक उभारले आणि गावाला आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात. कोकण-देशावरच्या इतरही गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतके गेले, इतके मेले, बस्स. नावे नाहीत. आणि आमच्या कोकणी मुसलमानांचे बरेच लोक तर पलटणीत नव्हतेच, ते व्यापारी जहाजांवर खलाशी, सुकाणी, तांडेल, सारंग होते. जर्मन पाणबुड्यांनी बुडवलेल्या जहाजांबरोबर गेलेल्या हिंदी खलाशांचे, दोन हजारांवर नावांचे, स्मारक मुंबईत मस्जिद बंदर भागातल्या खलाशांच्या वसतिगृहात आहे. महंमद अली रोडवर खरेदीला जाणाऱ्यांपैकी किती जण तिकडे वळतात?

या लेखाच्या निमित्ताने आमची वाचकांना एक विनंती आहे. फ्रान्समधल्या न्यूव्ह शापेलच्या स्मारकावर, जे 1927 मध्ये उघडले, 4,700 हून अधिक नावे कोरलेली आहेत. ती दगडात आहेत, त्यांना आपण काही करण्याची गरज नाही. कागदांना आहे. आपल्या घरात पणजोबांची पेटी असेल, कुराण शरीफच्या जुन्या गिलाफात घडी घातलेला एखादा पिवळा कागद असेल, फौजेचे पेन्शन-बुक किंवा खलाशाची नळी असेल, तर तो फेकू नका आणि भंगारवाल्याला रद्दीबरोबर देऊ नका. उर्दू वाचता येत नसेल तर गावातल्या कोणत्याही उर्दू शाळेत न्या. शिकस्ता लिपी असली तर थोडा वेळ लागेल, पण आम्ही मास्तरलोक वाचून देऊ. पहिली ओळ काय असेल ते न उघडताच सांगता येते. त्याखालच्या ओळींसाठी मात्र तो कागदच हवा.